खिळ्याने मासा कोरलेला रोल

मी, क्वान सिउ-पाक, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा रंगीत फिल्म धुणे व छापणे, राहणार शाव-केई-वान, पूर्व मुख्य रस्ता, 'विंग-मेई कलर' या दुकानाच्या वरची खोली, हाँगकाँग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. कोणी मला धाक घातलेला नाही. धाक आहे, पण तो घरचाच आहे. येत्या सोमवारी डॉक्टर माझ्या हृदयाची एक झडप काढून दुसरी बसवणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "आजकाल यात काही नाही." ज्याची छाती उघडायची नसते त्याला यात काही नसतेच.

माझी बुद्धी शाबूत आहे. पुरावा म्हणून लिहितो: रंगीत निगेटिव्हचा डेव्हलपर सदतीस पूर्णांक आठ अंश, वेळ सव्वातीन मिनिटे, त्यानंतर ब्लीच, त्यानंतर फिक्सर, मध्ये पाणी, शेवटी टिकवण्याचे द्रावण. हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन.

यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती चार होती. चारही वेळा मी कलम सातपर्यंत आलो आणि कागद फाडला. हे पाचवे आहे. ते फाटू नये म्हणून या वेळी जाड कागद आणला आहे.

कलम १. तळमजल्यावर राहणारे ताम पुई-लाम यांनी कोर्टात एकतीस वर्षे कारकुनी केली. त्यांना मी मसुदा कसा करावा ते विचारले. (मला सगळे सिफू, म्हणजे उस्ताद, म्हणतात.) ते म्हणाले, "सिफू, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, स्वभाव नाही." पण स्वभाव कळल्याशिवाय कलम सात कळणार नाही, म्हणून लिहितो. मी घाबरट आहे. लहानपणापासून आहे. शिडीला घाबरतो, कुत्र्याला घाबरतो, सरकारी पाकीट आले की दोन दिवस फोडत नाही. फक्त अंधाराला कधी घाबरलो नाही. लोकांना वाटते आम्ही लाल दिव्यात काम करतो. तो काळ्या-पांढऱ्या कागदाचा थाट. रंगीत फिल्मला कसलाच उजेड चालत नाही, स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही अशा खोलीत ती उघडावी लागते. त्या खोलीत मला नेहमी बरे वाटत आले. तिथे कोणी माझ्या तोंडाकडे बघत नसे.

कलम २. अंत्यविधी. माझा फोटो मी निवडून ठेवला आहे. निगेटिव्ह सुक्या कपाटाच्या वरच्या खणात, पाकिटावर 'मी' असे लिहिले आहे. बारा बाय सोळा इंच, मॅट कागद, चेहऱ्यावर ब्रश मारू नये. माझे नाक आहे तसे राहू द्यावे. माणसाच्या शेवटच्या फोटोत नाक त्याचेच असावे, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नसेल. नवीन कोट चढवलेला फोटो संगणकावर तयार करून आणू नये. मी आयुष्यात कोट घातला नाही, तिकडे गेल्यावर कोणी ओळखणार नाही.

कलम ३. दुकान, वरची खोली आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती एक मुलगी क्वान होई-यान हिला. ती दवाखान्यात एक्स-रे काढते. म्हणजे धंदा घरातच राहिला, फक्त गिऱ्हाईक कपड्यांच्या आतून दिसू लागले. होई-यान, तुझी आई वाय-फोंग जाईपर्यंत आणि ती गेल्यावरही तू मला एकच टोमणा मारत आलीस. "सुताराच्या घरी खुर्ची मोडकी म्हणतात ते खोटं नाही, बाबा. सगळ्या शाव-केई-वानच्या पोरांचे महिना-मेजवानीचे फोटो तुम्ही धुतलेत, आणि माझा एक नाही." मी दरवेळी सांगितले, तू महिन्याची झालीस त्या मेजवानीत फिल्म कॅमेऱ्यात अडकली होती. फिल्म अडकली नव्हती. पुढे वाच, आणि वाचताना बसून वाच.

कलम ४. निगेटिव्ह. सुक्या कपाटात गिऱ्हाइकांनी न नेलेली सहाशेबारा पाकिटे आहेत. कपाटाची वीज एक वर्षभर बंद करू नये. काट्यावर आर्द्रता चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहिली पाहिजे. मार्चमध्ये भिंतींना घाम सुटतो तेव्हा तर खिडकीसुद्धा उघडू नये, नाहीतर फिल्मवर बुरशीची जाळी धरते आणि लोकांच्या लग्नात कोळिष्टके दिसू लागतात. पट्ट्या कडेने धराव्यात. दारावर चिठ्ठी लावावी: 'ज्यांचे असतील त्यांनी न्यावे, पावती नसली तरी चालेल, चेहरा दाखवावा.' वर्षानंतर जे उरेल ते देवळाच्या भट्टीत, मंत्र म्हणून. कचऱ्यात माणसे टाकू नयेत.

कलम ५. हत्यारे. पाऱ्याचा थर्मामीटर, दोन हातटाक्या, बाह्या असलेली काळी पिशवी, मोजपात्रे आणि माझी घड्याळे शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मोक बाईंना. या शहरात अजून आठवड्याला सहा रोल काढणारी आणि रोल उन्हात गाडीत न ठेवणारी ती एकच व्यक्ती मला माहीत आहे. थर्मामीटर पाव अंश कमी दाखवतो, हे बाईंनी लक्षात ठेवावे.

रोलच्या नळीतून फिल्मचे टोक बाहेर ओढायची पातळ पट्टी मात्र कोणाला देऊ नये. ती वाकवून, मोडून टाकावी.

कलम ६. पलीकडच्या गल्लीतला फुंग. हा माणूस सहा-सहा आठवडे ब्लीच बदलत नसे, आणि फोटो मातकट आले की गिऱ्हाइकाला सांगे, "निगेटिव्ह क्वानकडे धुतलीत ना? मग बरोबर." मी वीस वर्षे त्याच्याशी बोललो नाही. त्याला मी माझ्या मोरीखालची तपकिरी बाटली ठेवतो. त्यात दमलेला डेव्हलपर आहे. त्याने तो वापरावा, त्याच्या गिऱ्हाइकांना फरक कळणार नाही. (हे कलम वाचून दाखवताना हसू नये.) तरी एक कबूल करतो. फुंगने घाण द्रावण वापरले, पण गिऱ्हाइकाचा रोल त्याने कधी गमावला नाही.

कलम ७.

इथून पुढे अक्षर वाकडे आले तरी ते माझेच समजावे.

दुकानाच्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, आल्याच्या मागे, चंद्रोत्सवाच्या केकचा पत्र्याचा एक डबा आहे. होई-यानने एकदा विचारले होते, "बाबा, किती वर्षांचा केक आहे हा?" मी तिच्या हातावर चापट मारली. आयुष्यात तेवढी एकदाच. त्या डब्यात प्लास्टिकची काळी डबी आहे आणि डबीत एक रंगीत रोल, छत्तीस फोटोंचा, काढून झालेला, न धुतलेला. रोलच्या पत्र्याच्या नळीवर खिळ्याने मासा कोरला आहे.

तो रोल शेक यिऊ-लोईचा. होडीवर जन्मलेला, होडीवर वाढलेला माणूस. लिहिता येत नसे म्हणून स्वतःच्या प्रत्येक वस्तूवर मासा कोरायचा: टोपली, चाकू, भाताची वाटी. १९८३च्या सप्टेंबरात, एका सोमवारी, तो रोल घेऊन दुकानात आला. होडीला नवा रंग दिला होता आणि बायकोने त्याला त्या होडीवर उभा करून अख्खा रोल संपवला होता.

तो म्हणाला, "सिफू, छत्तीसही माझेच आहेत. एकात जरी डोळे उघडे निघाले तर चहा माझ्याकडून."

मी म्हणालो, "लोई-दादा, आणि मिटलेले निघाले तर?"

"तर बायकोकडून. ती म्हणते मी फोटोत झोपतो."

त्याच संध्याकाळी तो समुद्रावर गेला. त्याच्या बायकोचा, म्हणजे शेक वहिनींचा, पाय मुरगळला होता म्हणून त्या त्या खेपेला किनाऱ्यावर राहिल्या.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रोलमधून फिल्मचे जे टोक बाहेर डोकावते त्याला आमच्या दुकानात जीभ म्हणत. जीभ बाहेर असली तर रोल नवा, जीभ आत गेली तर रोल काढून झालेला. सगळे जग हे जाणते. पण धुणाऱ्याच्या दुकानात काढून झालेल्या रोलचीही जीभ पट्टीने ओढून बाहेर काढावी लागते, कारण मशीनमध्ये सोडण्याआधी ती चिकटवायची असते. त्या मधल्या चार-पाच मिनिटांत जुना रोल हुबेहूब नव्यासारखा दिसतो. ही चूक फोटो काढणाऱ्याच्या हातून होऊ शकत नाही. ती फक्त धुणाऱ्याच्याच हातून होऊ शकते.

गुरुवारी मी लोईच्या रोलची जीभ ओढून काढली, आणि तेवढ्यात बंदरावर वादळाचा आठ नंबरचा बावटा चढला. वीज गेली. मी मशीन बंद केले, फळ्या लावल्या, रोल काउंटरवर तसाच ठेवला आणि घर गाठले, कारण वाऱ्यालाही मी घाबरतो. रविवारी होई-यानची महिना-मेजवानी होती. लाल अंडी, आल्याचे लोणचे, सासरे-सासू, सगळे हॉटेलात जमलेले, आणि कॅमेऱ्यात रोल नाही. मी धावत दुकानात आलो, काउंटरवरचा रोल उचलला, जीभ बाहेर होती, कॅमेऱ्यात घातला. छत्तीस फोटो काढले. होई-यान, तू सगळ्यांच्या मांडीवर होतीस.

घरी येऊन रोल गुंडाळून बाहेर काढला तेव्हा बोटाला मासा लागला.

मी स्वतःला म्हणालो, घाबरू नको, लोई-दादा परत आला की दोन नवे रोल देऊ, पाय धरू, तो हसेल आणि चहा पाजायला लावेल. सोमवारी बातमी आली की त्याची होडी उलटी सापडली. तो सापडला नाही. पुढेही कधी सापडला नाही. थडग्यात त्याचे कपडे पुरले आहेत.

मंगळवारी शेक वहिनी लंगडत दुकानात आल्या. हातात पावती होती. घरचे सगळे फोटो होडीवर होते. अंत्यविधीला समोर ठेवायला फोटो नव्हता.

"सिफू, यांचा रोल. झालाय का?"

खरे सांगायला तेव्हा काय लागले असते? एक वाक्य. रोल शाबूत होता, लोई त्याच्यात होता, फक्त त्याच फिल्मवर, त्याच्या अंगावर, माझे बाळ उमटले होते. पण मला वाटले, ही रडेल, ओरडेल, रस्ता गोळा होईल, होडीवाले दुकान फोडतील, वाय-फोंग म्हणेल तान्ह्या पोरीला बुडालेल्या माणसाच्या फिल्मवर घातलीस. मी म्हणालो, "वहिनी, रोल कोरा निघाला."

"कोरा म्हणजे?"

"काही आलंच नाही. लोई-दादांनी मध्येच कॅमेऱ्याचं झाकण उघडलं असणार. उजेड आत गेला की सगळं जातं."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी पावतीची घडी घातली. मग म्हणाल्या, "असाच आहे तो. भात शिजला का बघायला दहादा झाकण उघडतो."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, तो या भातामुळे.

मासेमारीच्या परवान्यावर अंगठ्याएवढा जुना फोटो होता. त्याची नक्कल काढून तो मीच मोठा केला, फुकट. चेहऱ्याचे दाणे दाणे झाले. नाक उरलेच नाही. ते मी ब्रशने काढले, आणि घाईत जे नाक हाताला आले ते माझ्या मामाचे होते. अडतीस वर्षे शेक वहिनी माझ्या मामाच्या नाकापुढे उदबत्ती लावत आल्या आहेत.

पुढे त्यांनी माझ्या शेजारचाच गाळा घेतला आणि सुकी मासळी विकू लागल्या. मधली भिंत पातळ आहे. दर वर्षी थडगी झाडायच्या सणाला त्या फोटोसमोर भात ठेवतात आणि मला इकडे स्पष्ट ऐकू येते: "झाकण उघडायला कोणी सांगितलं होतं रे तुला? छत्तीस होते. एक तरी ठेवायचास." मेलेल्या माणसाला दरसाल शिव्या बसतात, आणि त्या माझ्या आहेत. मी भिंतीच्या अलीकडे मशीनचा आवाज मोठा करतो.

भुतांच्या महिन्यात मी कागदाचा कॅमेरा आणि कागदाचे रोल जाळतो, मेलेल्याला तिकडे पोचावेत म्हणून. कागदवाला म्हणतो, "सिफू, घरात कोणी फोटोग्राफर वारलाय का?" मी म्हणतो, लांबचा नातेवाईक. होई-यानला ताप आला की मी फ्रिजकडे बघत असे. सातव्या वर्षी पोहताना तिच्या पायात गोळा आला, तेव्हा मी दोन दिवस फ्रिज उघडला नाही. या अडतीस वर्षांत तीन फ्रिज बदलले, आणि तिन्ही वेळा तो डबा बर्फात घालून पोटाशी धरून बसलो. वीज गेली की मला वाटते, पाणी चढते आहे.

रोल धुवावा असे मला शेकडो वेळा वाटले. धुतला नाही, कारण मागे तो आणि पुढे माझी लेक, अशी छत्तीस चित्रे बघायची माझी छाती नव्हती. दुसरी भीती याहून मोठी आहे. थंडीत ठेवला तरी रोल म्हातारा होतो. दडलेले चित्र झिजते, रंग उतरतात, धुके चढते. समजा तो खरोखरच कोरा निघाला, तर माझे खोटे खरे ठरेल, आणि क्षमा मागायला माझ्या हातात काहीच राहणार नाही.

म्हणून मी असे ठरवतो: माझ्या मृत्यूनंतर हा रोल शेक वहिनींना द्यावा आणि हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. रोल मोक बाईंकडून धुऊन घ्यावा. मशीनमध्ये घालू नये, हातटाकीत धुवावा. फ्रिजमधून काढल्यावर डबी लगेच उघडू नये, आत घाम धरतो. बंद डबी अर्धा दिवस खोलीत राहू द्यावी. काळ्या-पांढऱ्याच्या द्रावणात धुतला तर चेहरा मिळण्याची शक्यता जास्त, पण रंग कायमचा जाईल. रंगीत धुतला तर दोन्ही मिळेल किंवा दोन्ही जाईल. हे वहिनींनी ठरवावे. तेव्हा मी नसेन, याचे मला बरे वाटते. हेही लिहून ठेवतो.

कलम ८. माझ्या मागे कोणी भांडू नये. भांडण्याजोगे मी काही ठेवलेले नाही, कलम सात सोडून.

सह्यांपूर्वीची नोंद. गुरुवार, दुपार, याच बैठकीत लिहिली.

साक्षीदार म्हणून मी ताम साहेबांना आणि इमारतीचा रखवालदार आ-बिंग याला बोलावले होते. आ-बिंगने काल लस घेतली, त्याला ताप आहे. ताम साहेब एकटे कसे येणार, म्हणून वाटेत जे माणूस दिसले ते घेऊन आले. ते माणूस म्हणजे शेक वहिनी. वय अठ्ठ्याहत्तर, हातात पानात बांधलेला चिकट भात, सोमवारच्या होड्यांच्या सणाचा उरलेला.

"खा आधी," त्या म्हणाल्या. "सोमवारी पोट फाडणार म्हणे तुमचं."

"छाती, वहिनी."

"तेच ते. कुठे करू निशाणी?"

ताम साहेबांनी चष्मा लावला, कागद न वाचता उलटा ठेवला आणि म्हणाले, "थांबा, एक विचारायचं असतं. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवलं असेल तर ते देणं रद्द होतं. बाकीचं मृत्युपत्र टिकतं, तेवढंच कलम मरतं. सिफू, वहिनींना काही ठेवलंय का?"

मला हे इथे लिहून ठेवले पाहिजे. मी 'नाही' म्हणणार होतो. शब्द ओठांवर होता. एक 'नाही', वहिनींची निशाणी, आणि कलम सात कायद्यानेच मेले असते, मी न फाडता. सोमवारी काहीही झाले तरी कोणाला कळले नसते, आणि कळले असते तरी रोल त्यांच्या हाती पडला नसता. इतकी सोपी वाट मला आयुष्यात कोणी दाखवली नव्हती. आणि वहिनी माझ्यासाठी पानाची दोरी सोडत होत्या, कारण दोऱ्यांच्या गाठी माझ्याने सुटत नाहीत हे त्यांना माहीत आहे.

मी म्हणालो, "आहे."

"काय आहे?" वहिनी म्हणाल्या. "ती जुनी छत्री असेल तर नको मला."

मी कागद सरळ केला आणि कलम सात वाचले. सगळे. भाताचा भाग आला तेव्हा मी कागद ताम साहेबांकडे सरकवला, तिथून त्यांनी वाचले. मी वहिनींकडे बघितले नाही. टेबलाखालच्या त्यांच्या चपला बघत होतो. चपला हलल्या नाहीत.

वाचून झाले. खाली ट्राम गेली.

"अडतीस वर्षं," वहिनी म्हणाल्या, "अडतीस वर्षं मी त्याला बोलले. दर सणाला. जेवू घालून वर शिव्या दिल्या. त्याच्यासमोर मी आता तोंड कसं दाखवू ते सांग."

त्या मला नेहमी अहोजाहो करतात. आता नाही केले.

मी म्हणालो, "वहिनी, मला मारा."

"तुला मारून काय करू? सोमवारी ते फाडणारच आहेत." मग त्या म्हणाल्या, "मला वाटायचंच. हे नाक त्याचं नाही. मी म्हणायचे, पाण्यात फुगलं असेल."

ताम साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी सांगितले की मला पोरीची भीती होती, बुडालेल्याच्या अंगावर माझे बाळ, अशुभ. वहिनींनी मला पुरे बोलू दिले नाही. "पोरगी अडतीस वर्षांची झाली, चांगली गलेलठ्ठ आहे. खाल्लं का तिला त्यानं? आम्हाला मूल झालं नाही. लोकांच्या पोरांना उचलून होडीत बसवायचा, ठाऊक आहे ना तुला? तू त्याच्या मांडीवर पोर दिलंस आणि फ्रिजमध्ये कोंडून ठेवलंस. आण तो डबा."

मी म्हणालो, मेल्यावर द्यायचे ठरवले आहे.

"मेल्यावर तू भिणार नाहीस. मग काय उपयोग? आण."

मी डबा आणला. त्यांनी काळी डबी हातात घेतली, उघडू का म्हणाल्या. मी म्हणालो, नको, उद्या सकाळपर्यंत नको. त्या म्हणाल्या, बरं. झाकण उघडायचं नाही, हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

काळे-पांढरे की रंगीत, ते मी विचारले. धोकाही समजावला. त्या म्हणाल्या, "रंगीत. तो निळा शर्ट मी निवडला होता." कोणी धुवायचा, हे मी विचारले नाही, पण त्यांनी सांगितले. "बाई-बिई कोणी नको. तूच धुवायचास. मी दाराबाहेर बसेन." माझे हात कापतात हे मी दाखवले. त्या म्हणाल्या, "कापू देत. अंधारात कोण बघतंय."

कोरा निघाला तर, हे मी विचारू शकलो नाही. त्यांनीही विचारले नाही.

म्हणून कलम सातमधील रोलचे देणे याद्वारे रद्द करण्यात येत आहे, कारण रोल आज माझ्या हयातीत, माझ्या हाताने, शेक यिऊ-लोई यांच्या पत्नीस दिला आहे. मोक बाईंकडून धुऊन घेण्याची सूचनाही रद्द. तेवढ्या ओळींवर रेघ मारली असून रेघेवर तिघांच्या सह्या व निशाणी आहे. उरलेली हकिकत खोडू नये, होई-यानला वाचू द्यावी. कलम पाचमधील थर्मामीटर उद्या दुपारपर्यंत मला लागेल.

आता वहिनींना काही ठेवलेले नसल्याने त्या साक्षीदार होऊ शकतात, असे ताम साहेबांचे मत पडले. वहिनींना मी दोनदा विचारले, तुम्ही माझ्या कागदावर निशाणी कराल का. पहिल्यांदा त्यांनी भाताचे पान माझ्यापुढे सरकवले. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "भात खाऊन घे, मग करते." मी भात खाल्ला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, तो मला मान्य आहे, आणि मी भ्यालेलो असलो तरी शुद्धीवर आहे.

ठिकाण: शाव-केई-वान, हाँगकाँग
दिनांक: १७ जून २०२१

मृत्युपत्र करणार: क्वान सिउ-पाक (सही)

आम्ही दोघांनी क्वान सिउ-पाक यांना आमच्या डोळ्यांदेखत सही करताना पाहिले, आणि त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष आपापली सही व निशाणी केली.

साक्षीदार १: ताम पुई-लाम, निवृत्त कोर्ट कारकून (सही)

साक्षीदार २: लाय किऊ, शेक यिऊ-लोई यांची पत्नी, सुकी मासळी विक्रेती. लिहिता येत नसल्याने निशाणी: मासा.

टीप, ताम पुई-लाम यांच्या हस्ताक्षरात: साक्षीदार क्रमांक दोन यांचा उजवा हात सदर डबीवर होता व तो काढण्यास त्यांनी नकार दिला. म्हणून मासा डाव्या हाताने काढलेला आहे. तो वाकडा आहे. ग्राह्य धरावा.